सातव्या अडथळ्यावरचे वळण

१२ जून

ब्रनोच्या कुत्र्यांच्या अडथळा-शर्यतीचा वृत्तांत आमच्या क्लबाचा चिटणीस क्विदो याने फलकावर लावला आहे: "रविवारी हेद्विकाने इशारा उशिरा दिला, त्यामुळे तिची कुत्री ब्रिस्का सातव्या अडथळ्यावरून भलतीकडे वळली व बाद झाली." दोन चुका. शर्यत शनिवारी होती. आणि माझ्या मुलीचा इशारा वेळेवर होता.

मी क्विदोला फक्त वार सांगितला.

"मास्तर, तुमच्या तावडीतून एक वारसुद्धा सुटत नाही बघा!"

सगळे हसले. मीही हसलो.

१४ जून

हेद्विका कुत्रीला अडथळ्याच्या खांबालगत वळायला शिकवते, तेव्हा खेळणे पुढच्या अडथळ्याच्या दिशेने फेकते. हातातून खाऊ देत नाही — कुत्र्याने माणसाकडे नव्हे, पुढच्या वाटेकडे पाहावे म्हणून. मला ही पद्धत फार संथ वाटे. ती कामावर गेली की मी परसातल्या सफरचंदाच्या झाडाभोवती ब्रिस्काला वळवीत असे. प्रत्येक वळणाला सॉसेजचा तुकडा, माझ्या हातातून. महिन्याभरात ती खोडाला अंग घासून वळू लागली. हेद्विकाला वाटले, तिच्याच मेहनतीचे फळ. मी तसे वाटू दिले.

शर्यतीत मी प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपाशी, सातव्या अडथळ्याच्या खांबाजवळ उभा राहिलो. माझे वळण मला जवळून पाहायचे होते. ब्रिस्काने उडी घेतली, मला पाहिले आणि वळली. इतके नेटके वळण तिने कधीच घेतले नव्हते. थेट माझ्याकडे.

१५ जून

पाऊस. सांगायचे ठरवले होते. सांगितले नाही.

१७ जून

जेवताना हेद्विका म्हणाली, "बाबा, ब्रिस्काला आता शर्यतीत क्विदोची पुतणी पळवेल. माझं काही खरं नाही. ऐन वेळी तोंडच उघडत नाही माझं."

मग ती माझ्याकडे पाहत राहिली. सूप निवत होते.

सुपात मीठ कमी आहे, एवढेच मी म्हणालो. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलायला शिकवले!

१९ जून

आज मैदानावर सर्वांसमोर सांगितले. झाड, सॉसेज, दोरी — सारे.

"म्हणजे सॉसेजनं घात केला म्हणायचा," कोणीतरी म्हणाले. कोणी हसले नाही.

क्विदोने बिअरचा ग्लास खाली ठेवला. "पण मास्तर, मला तर हेद्विकानंच—"

"क्विदो, गप्प बस आणि ते खांब उचल," हेद्विका म्हणाली.

२० जून

काल परतताना गाडीत तिने जे सांगितले, त्यानुसार दुरुस्त्या:

७ जून, शनिवार — इशारा वेळेवर. दोष माझा.

७ जून, संध्याकाळ — "उशीर माझ्याकडून झाला असं लिही," हे हेद्विकाने स्वतः क्विदोला सांगितले. दोरीपाशी उभा असलेला मी तिला दिसलो होतो.

१७ जून — क्विदोच्या पुतणीला तिने काहीही विचारले नव्हते. मी बोलेन, म्हणून ती थांबली होती.