दिवा नाही, म्हणजे रिव्हर्स नाही

ती. दादा यास,

तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार (कंबरेमुळे अर्धाच वाकून, राहिलेला मनातून). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? फाटकाचं विचारणार नव्हते, पण नाही विचारलं तर म्हणशील मुद्दाम टाळलं, म्हणून विचारते, फाटक कसं आहे? आणि तू ज्या वाफ्यात उडी मारलीस त्यातलं एखादं तरी झाड उठून उभं राहिलं का? आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे. इतकी, की भाजी चिरताना एकटीच हसते, आणि हे बाहेरून विचारतात काय झालं. मी म्हणते, कांदा. कांद्याने कुणी हसतं का रे? पण ह्यांच्या ते लक्षात आलेलं नाही, कारण सध्या ह्यांचं लक्ष कशातच नाही. ते का, हेच सांगायला बसले आहे. फोन केला असता, पण फोन ह्यांच्या खुर्चीला चिकटून. (चौथीत शाळा सुटली ती सुटली, माझ्या ओळी अजून डोंगर चढतात. मान तिरपी करून वाच.)

त्या दिवशी तुझ्या दारात काय झालं ते तुला काय सांगायचं, तू गाडीच्या मागेच उभा होतास. तू म्हणतोस ह्यांनी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, मागचा पांढरा दिवा काही लागला नाही, म्हणून तू बेसावध राहिलास, आणि तू स्वतःच्या हाताने रंधा मारून केलेलं फाटक गेलं. हे म्हणतात, गाडी न्यूट्रलमध्ये होती, तुझ्या दारातला उतारच वाईट, ती आपली आपण घरंगळली. आणि पुरावा कुठला, तर तुझंच बोलणं! दिवा लागला नाही असं तू स्वतः म्हणतोस ना, मग झालं तर. रिव्हर्स टाकला की दिवा लागतो. दिवा नाही, म्हणजे रिव्हर्स नाही. त्यावर तू पटकन म्हणालास, दिवा बिघडला असेल. दादा, तिथेच घात झाला. ज्या माणसाने जन्मभर दुकानदारांचे तराजू आणि मापं तपासली, ज्याच्या ‘तपासले. बरोबर आहे.’ एवढ्या शेऱ्यासाठी धष्टपुष्ट व्यापारी घाम पुसत उभे राहायचे (माझ्या स्वयंपाकाला तो शेरा अजून मिळायचा आहे), त्याच्या गाडीत तू खोट काढलीस! घरी आलो, तसे हे दारात चप्पल काढताना म्हणाले, तो दिवा लागतो हे सिद्ध करेन, तोवर तुझ्या भावाचं तोंड पाहणार नाही.

झालं. रविवारचा पत्त्यांचा डाव मोडला. आता हे एकटेच दोन्ही बाजूंनी खेळतात आणि तरी चिडतात, कारण तुझ्या बाजूने खेळताना लबाडी करता येत नाही म्हणे. तुझी खुर्ची मी तशीच ठेवली आहे. तिच्यावर वाळलेले कपडे टाकते, म्हणजे रिकामी दिसत नाही. मला हसू येतं ते येतंच, पण खरं सांगायचं तर रविवारी दुपारी त्या कपड्यांच्या घड्या घालायला माझा हात उचलत नाही.

तर, त्याच संध्याकाळी ह्यांनी चाकांना विटा लावल्या, किल्ली अर्धी फिरवली (इंजिन चालू न करता दिवे लागतात, तेवढी), गिअरचा दांडा रिव्हर्सवर ओढला आणि मागे उभ्या असलेल्या मला विचारलं, लागला? मी म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. अजून एकदा विचारलं ते अशा आवाजात, की मी हो म्हणावं. पण आपल्या आईने खोटं बोलायला शिकवलं नाही ना, तिथे अडलं. मग बल्ब काढला. कानाशी हलवून पाहिला, माझ्या शिलाईच्या दिव्याच्या उजेडात तार पाहिली. बल्ब धडधाकट. फ्यूज काढला, धडधाकट. मग डिकीतला गालिचा उचलून वायरीचा माग काढत निघाले. गालिच्याखाली माझी हरवलेली छत्री सापडली, तुझा चष्म्याचा डबा सापडला (पाठवते), पण वायर कुठेही तुटलेली नव्हती. शेवटी आपले पंखे दुरुस्त करणारा वायरमन बोलावला. त्याने टेस्टर लावून सांगितलं, काका, करंट इथवर येतोय, पुढे जायला कुणी परवानगीच देत नाही. ह्यांना वाटलं तो चेष्टा करतोय. त्याला चहा दिला नाही. मी मागच्या दाराने दिला.

आता ऐक, इथून गंमत आहे. एक दिवस मी मागे लसूण सोलत उभी होते आणि हे वैतागून तो दांडा वरपासून खालपर्यंत खडखड हलवत होते. तेवढ्यात दिवा लखकन चमकला! मी ओरडले, लागला! हे आतून ओरडले, कसा लागेल, आत्ता रिव्हर्समध्ये नाहीच आहे! मी म्हटलं, अहो, पण लागला. हे म्हणाले, तुला भास झाला. मी म्हटलं, भास झाला असता तर तुम्ही मला चहा करून देताय असा झाला असता. त्याचा परिणाम काय, तर दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. हे म्हणाले, नीट तपासा. डॉक्टरांनी नीट तपासलं आणि ह्यांनाच नवा चष्मा दिला.

नव्या चष्म्यामुळे ह्यांना वाटलं, आता आपण मागे उभं राहायचं आणि मला आत बसवायचं. मी! जन्मात स्टीअरिंगसमोर बसले नव्हते. बसल्यावर काय ऐट वाटली म्हणून सांगू! आरशात बघून आधी पदर नीट केला. स्टीअरिंगच्या बाजूने तो दांडा आणि वर पट्टीवर इंग्रजी अक्षरं, ती माझ्या लेखी मुंग्या. ह्यांनी मागून सांगितलं, आपल्याकडे ओढ आणि एक घर खाली घे. मी ओढलं. दांडा जड लागला, म्हणून खलबत्त्याच्या बत्त्याला लावते तेवढा जोर लावला. आणि मागून आवाज आला, लागला! लागला! अगं लागला! दादा, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा ह्यांचा चेहरा एवढा उजळला नव्हता. धावत पुढे आले, खिडकीतून माझा हात हातात घेतला, म्हणाले, आता बोल म्हणावं तुझ्या भावाला.

आणि मग नव्या चष्म्यातून ह्यांची नजर पट्टीवर गेली.

एक घर खाली नाही, मी दोन घरं खाली आले होते. गाडी न्यूट्रलमध्ये होती. ह्यांनी स्वतः दांडा वर नेला, रिव्हर्सवर, आणि मला मागे पाठवलं. दिवा विझलेला. खाली न्यूट्रलवर आणला, दिवा लख्ख. वर, विझला. खाली, लागला. दांड्याच्या बुडाशी दिव्याचा एक छोटा स्विच असतो, तो दोन स्क्रूंवर पुढेमागे सरकतो. मागच्या वर्षी दांडा खडखडतो म्हणून ह्यांनीच सगळं खोललं आणि परत बसवलं होतं, तेव्हा तो एक घर सरकवून घट्ट केला. लोकांच्या तराजूतला गव्हाच्या दाण्याएवढा फरक पकडणारा माणूस!

मला पुढचं लगेच कळलं नाही. ह्यांना कळलं. कारण हे तिथेच पायरीवर बसले आणि हळूहळू लाल झाले. मग मीही गाडीला टेकून विचार केला. न्यूट्रलला दिवा लागतो. तुझ्या दारात गाडी न्यूट्रलमध्ये असती, तर दिवा लागायला हवा होता. तू म्हणतोस, लागला नाही. हेही म्हणतात, लागला नाही (तोच तर ह्यांचा पुरावा!). मग गाडी कशात होती रे दादा? मी नुसतं म्हटलं, चहा टाकू? ह्यांनी म्हटलं, टाक. आणि पाठमोरे होऊन म्हणाले, भावाला हे कळवू नकोस. मी शब्द दिला आहे, त्यामुळे मी तुला काहीही कळवत नाही. नुसतं पत्र लिहिते आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जपून राहा, निदान गाड्यांच्या मागे उभा राहू नकोस.

तुझी धाकटी

ता. क. शेवटचं लिहिलं ते खोडायला हवं, कारण ज्यासाठी पत्र लिहिलं ते नेमकं तेच आहे. स्विच सरकवताना हे आत वाकलेले असणार, मागे कुणीतरी उभं राहून लागला की नाही ते सांगायला हवं. मी म्हटलं मी आहे की, तर म्हणतात तू हसतेस. वायरमन म्हटलं, तर म्हणतात तो तिरकं बोलतो. मग छताकडे बघून म्हणाले, नजर तशी तुझ्या भावाची चांगली आहे, त्याला नाही दिसला म्हणजे नव्हताच लागला. दादा, ह्या माणसाच्या तोंडून यापेक्षा मोठी माफी निघायची नाही, तिला माफीच समज आणि रविवारी ये. खुर्चीवरचे कपडे मी काढते. विटा लावलेल्या आहेत.

ता. क. ‘मी म्हणालो होतो’ असं म्हणायचं नाही. फारच जड झालं तर चहा झाल्यावर एकदा म्हण. मी स्वयंपाकघरात जाईन.

ता. क. पत्र टेबलावर ठेवून दूध बघायला गेले होते. परत आले तर हे फार मन लावून वर्तमानपत्र वाचत होते, उलटं धरून. आणि कागदाच्या तळाशी लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. मी ते खोडलेलं नाही, तसंच पाठवते.

तपासले. बरोबर आहे.