न पाठवलेला आशीर्वाद

मु. पिनर, विलायत

श्रीहरीच्या कृपेने हात अजून स्थिर आहे, म्हणून लिहितो.

परीक्षित,

नावाआधी ‘चिरंजीव’ जाणूनबुजून लिहिलेले नाही. तुझ्या आईने मरणापूर्वी तीन दिवस तुझ्या हातच्या गंगाजळाची वाट पाहिली. कॅनडाहून फोनवर तू म्हणालास, “बाबा, आमचं सहलीचं छोटं जहाज सरोवराच्या मधोमध आहे, उतरता येत नाही हो.” ते जहाज रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गावी थांबत होते, हे तुझ्याच फोटोंवरून मला नंतर कळले.

माझ्या मुखी गंगाजळ घालण्याचा अधिकार मी शेजारच्या तनूला दिला आहे.

पत्राच्या शेवटी वाचणाऱ्याला आशीर्वाद देण्याची रीत मला मोडवत नाही. म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

तुझ्या आईचा पती

जो कोणी हे वाचील, त्याचे कल्याण असो.