माझी पंचवीसची गोळी

१ जून, रविवार
आजपासून घराला शिस्त. वाळूजच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक नट इकडचा तिकडं झाला नाही. आणि घरी मोहरीच्या डब्यात मेथ्या! आम्हा नवराबायकोला दोघांनाही थायरॉइड. माझी गोळी पंचवीसची, भानुमतीची शंभरची. बाटल्या सारख्याच दिसतात, एखाद्या दिवशी घोटाळा ठरलेला. म्हणून काचेच्या दोन बरण्या आणल्या, गोळ्या ओतल्या, नावांची लेबलं लावली. मधेच वरच्या मजल्यावरच्या काकासाहेबांचा फोन, पाऊण तास. तरी काम पुरं केलं. जुन्या बाटल्या भंगारात. भानुमती म्हणाली, होतं ते काय वाईट होतं? कौतुकाची पद्धत आमच्याकडं नाही.

१२ जून, गुरुवार
लवकर जाग. मुकुंदवाडी स्टेशनपर्यंत झपाझप चालत जाऊन आलो. वजन दीड किलो कमी. शिस्तीचं फळ.
भानुमती आठपर्यंत लोळत होती.

२१ जून, शनिवार
बसल्या बसल्या छातीत धडधड. नाडी ११२. हात असा थरथरतो की बँकेनं सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. हे सगळं भानुमतीला सांगत होतो, ती ऐकता ऐकता झोपली. चौतीस वर्षांचा संसार!
काकासाहेब म्हणाले, लई इचार करता राव तुम्ही, चहा सोडा. सोडला. दुपारचा तेवढा ठेवला.

३ जुलै, गुरुवार
डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. म्हणाले, गोळी जास्त होतेय, बाटली दाखवायला आणा. बाटली दाखवा, मला? पंचवीस म्हणजे चिमणीचा दाणा, तो काय जास्त होणार! लॅब चुकली असणार. डॉक्टर बदलायचा.

११ जुलै, शुक्रवार
जिना चढताना दोनदा टेकलो. नवा डॉक्टर अजून ठरत नाही.
भानुमतीला कशाचं काही नाही. चेहरा फुगलेला, बहुधा रुसवा. हाक मारली की दोन मिनिटांनी ओ. आवाज घोगरा. काल भातात केस. भर जुलैत स्वेटर घालून बसते. मी घामानं निथळतोय आणि ही पंखा बंद करते! आपल्या पडत्या काळात बायको फिरली, हे मान्य करायला जड जातं. लेकीला, चारुताला, पुण्याला फोन केला. स्पष्ट सांगितलं, तुझी आई मला दगा देतेय. फार वाईट वाटलं, पण सांगितलं.

१९ जुलै, शनिवार
चारुता आली. आल्या आल्या आईला मिठी मारून रडली. माझ्याकडं वळून विचारलं, बाबा, आईकडं बघितलंत का तुम्ही? म्हणालो, रोज बघतो.
लेकही फितूर. त्याच जुन्या डॉक्टरांकडं नेलं आणि आधी रक्त कुणाचं, तर आईचं. माझी नाडी १२६ असताना.

२१ जुलै, सोमवार
रिपोर्ट आले. माझं थायरॉइड पार वर, तिचं पार खाली. चारुतानं बरण्या नेल्या होत्या. डॉक्टरांनी मेडिकलमधून दोन्ही ताकदीच्या नव्या बाटल्या मागवल्या, गोळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. सात आठवडे मी तिची गोळी घेतोय. ती माझी.
डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर असंच चाललं असतं तर वहिनींना ॲडमिट करावं लागलं असतं. मग विचारलं, लेबलं कुणी लावली?
माझ्या आधी भानुमतीच बोलली. म्हणाली, दोघांनी मिळून.
घरी येईपर्यंत मी काकासाहेबांच्या फोनबद्दल सांगत होतो. कुणी ऐकलं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आठ दिवस नाडी ७६ ला टिकून आहे. भानुमतीचा आवाज अजून पुरता सुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात, तिला वेळ लागेल.
सकाळी शेवटी विचारलंच, गोळी वेगळी दिसतेय हे तुला कळलं नाही का?
कळलं होतं, म्हणाली. पहिल्याच दिवशी.
मग?
म्हणाली, तुम्ही लावलंय लेबल, म्हटलं, परत कशाला बघायचं?
एवढं बोलून ती कणीक मळायला लागली. दमते, मधे मधे थांबते. मी बाहेर येऊन नाडी मोजली. १०८. गोळी पंचवीसचीच घेतली होती.