पाद्रीबाबांचं भाषण उडवलंय

सेमिसी,
तिसरी डीव्हीडीही वाया गेली. कॉम्प्युटरला शिव्या घालू नकोस, मेजवानीचा व्हिडिओच डिस्कवर मावत नाही. म्हणून मी पाद्रीबाबांचं भाषण उडवलंय. मी कामावर निघालेय. काका दुपारच्या विमानाने टोंगाला निघायच्या आत तू नवी डिस्क बनव. वेग सगळ्यात कमी ठेव, आणि तोवर गेम नको.

सुरुवातीची नऊ मिनिटं तू 'नुसत्या चपला दिसतात' म्हणून कापलीस, ती मी परत घातलीत. टोंगातल्या आत्याने तिच्या भावाला, आपल्या बाबांना, बघायला मागितलंय, आणि आत्याला नाही म्हणायची आपल्यात कुणाची टाप नाही. प्रत्येक मेजवानीत कॅमेरा बाबांच्याच हातात असायचा. ते गेल्यावर आपल्याकडे उरलंय ते एवढंच: त्यांच्या चपला, आणि "लेसी, हा चालू झाला का गं?"

लेसीएली