आधी कोण हसतं

तात्या,

काय करावं ते मला सुचत नाही, आणि विचारावं असं माझ्याहून मोठं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं एखादं वाक्य आठवावं लागतं. तुमच्या जावयांची स्मृती चालली आहे. थोडी थोडी नाही, भराभर चालली आहे. सकाळी चहा पुढे केला की "ठेवा बाई" म्हणतात. गेल्या महिन्यात मी दूध आणायला खाली गेले आणि वर येईपर्यंत यांनी आतून कडी लावून घेतली. दार वाजवलं, हाका मारल्या. आतून अगदी सभ्यपणे म्हणाले, "आमची मंडळी दूध आणायला गेलीत. नंतर या." त्यांची मंडळी हातात दुधाची पिशवी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. शेवटी शेजारच्यांनी बाल्कनीतून जाऊन कडी काढली. तेव्हापासून लेक पुण्याहून रोज फोन करते. तिथे अशा रुग्णांना सांभाळणारं एक केंद्र आहे, खोली रिकामी आहे, महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. "आई, तू त्यांच्या आधी जाशील अशानं," असं ती म्हणते, आणि म्हणून झालं की रडते. मी तिला म्हणत आले, की थांब, ते अजून हसतात. योग्य जागी हसतात. माणूस आत असल्याशिवाय योग्य जागी हसेल का?

हे मी कशाच्या जोरावर म्हणत होते ते सांगायचं तर कोरेगावच्या आपल्या ओसरीपासून सुरुवात करायला हवी. तुम्ही पेन्शनीत आल्यावर मिलिटरी कँटीनमधून टीव्ही आणलात आणि तो तुमच्या काळ्या ट्रंकेवर ठेवलात. ट्रंकेवर तुमचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात, आणि त्याच्या वर हिंदी मालिकेतले मुंबईचे नवरा-बायको, त्यांचा साहेब, त्यांचा आगाऊ मेव्हणा. मी साताऱ्याच्या नन्सच्या शाळेतून बाहेर पडून कॉलेजात गेलेली, हिंदी-इंग्रजी दोन्ही येणारी, आणि आपल्या घरात तेवढ्यापुरती मोठी साहेबीण. रविवारी ओसरी भरायची. म्हसवडकडचे ते मेंढरंवाले मामा, जे दर साली खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवायला यायचे, तेही घोंगडी टाकून बसलेले असायचे. लोक बोलायचे, हसायचे, पडद्यावरच्या माणसांना सल्ले द्यायचे, आणि मी ओठावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करत होते. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर मला म्हणालात, "आगं, टीव्ही हाय त्यो. तुज्या शाळंतली प्रार्थना न्हाई. बोलू दे की मानसांस्नी." मामा लगेच म्हणाले, "आवं, त्यो सायेब बगा की. आमचा म्होरक्या बकरा असाच बगतो, पाला दिसला की." ओसरी फुटली हसून. त्या साहेबाच्या तोंडचं एक वाक्य कुणाला कळलेलं नव्हतं.

आणि मग तुम्ही विचारलंत, "ही आतली मानसं हसत्यात, ती कुटं बसल्यात?" मी ऐटीत सांगितलं, की ते हसणं आधी कधीतरी रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, नंतर हव्या त्या जागी जोडतात. तुम्ही म्हणालात, "म्हंजी मानसं कवाच उटून घरला गेली, आन् हासू तेवडं ऱ्हायलं म्हन." मी म्हटलं, "तात्या, पण तुम्हाला कळलं का, कशावर हसले ते?" तुम्ही म्हणालात, "न्हाई. पर समदी हसत असल्यावं म्या एकटा कशापायी तोंड पाडून बसू?" त्या वेळी मला हे उत्तर अडाणी वाटलं. आज हेच उत्तर मला घाबरवतं, तात्या.

लग्न होऊन सांगलीला आले. हे साखर कारखान्यात केमिस्ट, राहायला कॉलनीतलं क्वार्टर, हंगामात तिन्ही पाळ्यांचा भोंगा. यांना हसण्याचं वेड होतं. त्या जुन्या मालिका पुन्हा लागल्या की नटाच्या आधी संवाद म्हणायचे आणि जोडलेलं हसू सुरू व्हायच्या आत स्वतः हसायचे. म्हणायचे, "मशीननं सांगितल्यावर हसायचं, तर मग आपण कशाला बसायचं समोर?" पुढे चॅनेल वाढले, आजच्या बातमीवरचे विनोदी कार्यक्रम आले, आणि हे त्यात रमले. सकाळी पेपर संपूर्ण वाचायचा आणि रात्री जेवताना त्याच बातम्यांची टिंगल बघायची. मला ते कार्यक्रम कधीच धड आवडले नाहीत. मिश्या काढलेले पुरुष सारखे साड्या नेसून येतात, आणि विनोद दुधाच्या पिशवीसारखे, तारीख उलटली की नासलेले. कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला हे मला समजेपर्यंत तो परत आलेला असायचा. हे घास हातात धरून समजावून सांगायचे, "अगं, हा तो, परवा पहाटे गेलेला." त्यांच्या समजावण्यासाठीच मी बघायची. मग एकदा ते चुकीचं समजावू लागले. मेलेल्या पुढाऱ्यांना जिवंतांच्या भांडणात घालू लागले. एका रात्री त्या साडीतल्या नटाकडे बोट दाखवून त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, "ह्या बाई कुठल्या खात्याच्या मंत्री?" मी हसले. मला वाटलं, विनोद केला. ते माझ्याकडे बघतच राहिले, उत्तराची वाट बघत.

मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. वार कोणता, शंभरातून सात गेले किती, असं विचारता विचारता डॉक्टर म्हणाले, "काका, सध्या मुख्यमंत्री कोण?" हे क्षणभर थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "डॉक्टर, सकाळपासून टीव्ही लावलेला नाही. आत्ता या घटकेला कोण आहे, ते तुम्हीच बघून सांगा." डॉक्टर खो खो हसले. दारातली नर्स हसली. डॉक्टर मला म्हणाले, "काकू, असा विनोद सुचणारा मेंदू सहजासहजी हार जात नसतो." ते वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं घरी आणलं. शनिवारी त्या बातम्यांवरच्या विनोदी कार्यक्रमाचं पुनःप्रक्षेपण लागलं होतं, मी भाजी निवडत होते, आणि पडद्यावरचा नट मान तिरकी करून तेच वाक्य बोलला. तोच थांबा, तोच सूर. मी यांच्याकडे पाहिलं. ते अगदी नव्यानं ऐकल्यासारखे हसत होते. पुढच्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, यांनी तेच उत्तर दिलं. डॉक्टर हसले, पण कमी. तिसऱ्या वेळी हसले नाहीत. पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काकू, घरी मदतीला कोण आहे?"

बातम्यांवरचं काही मग मी लावेनाशी झाले. रोज माणसं बदलणाऱ्या जगात यांना परत परत नापास कशाला करायचं? लेकीनं टीव्हीवर इंटरनेट जोडून दिलं, तिथे त्या जुन्या मालिका सापडल्या. फिकट रंग, जाड चष्मे, फोनच्या तबकडीत फिरणारं बोट. साहेब जेवायला येणार आणि बायको रुसलेली, एवढंच त्यांचं जग. त्यात कुठलं सरकार आहे ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं लागून बसतो, हे खुर्चीत, मी पलंगाच्या कडेला. आणि तात्या, हे हसायला लागले. मशीनच्या आधी. साहेबाचं तोंड उघडायच्या आत यांचे खांदे हलायचे. मी मुद्दाम लक्ष ठेवलं, एकदा नाही, कितीतरी संध्याकाळी. मशीननंतर हसले असते तर म्हटलं असतं, तुमच्यासारखं चारचौघांबरोबर हसणं. पण आधी हसतात म्हणजे त्यांना पुढचं आठवतंय. म्हणजे कॉलनीतल्या दिवसांतले ते अजून आत कुठंतरी बसलेले आहेत, मला फक्त बाहेरून हाक मारत राहायचं आहे. लेकीला मी हेच सांगत होते. ती म्हणाली, "ठीक आहे, मी रविवारी येते. मला दाखव. तसं असेल तर मी खोली सोडून देते."

ती यायच्या आदल्या दिवशी दुपारी मालिका चालू होती आणि तिचाच फोन आला, कुठल्या गाडीनं येते ते सांगायला. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि खिडकीशी जाऊन बोलत राहिले. बोलता बोलता मागे वळून पाहिलं. पडद्यावर यांची सगळ्यात आवडती जागा चालू होती, ती, पाहुण्यांच्या ताटात चुकून वेगळंच वाढलं जातं ती. हे पडद्याकडे बघतच नव्हते. माझ्या पाठीकडे बघत होते. चेहरा कोरा, वाट बघणारा. फोन ठेवून मी तेवढा भाग पुन्हा लावला, आवाज बंदच ठेवून, आणि यांच्या मागे जाऊन उभी राहिले. काही नाही. पुन्हा लावला, आणि या वेळी माझ्या नेहमीच्या जागी येऊन बसले. तोंड आवळून धरलं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. पडदा त्यांच्या लेखी नव्हताच. मग मी हसले. आमच्या शाळेत हसताना दात दिसले की नन्स तोंडासमोर रुमाल धरायला लावायच्या, त्यामुळे मला जन्मभर मोठ्यानं हसता आलेलं नाही, हे म्हणायचे की तू हसतेस ते तुझ्या हनुवटीवरून कळतं. हनुवटीच हलली असेल माझी. आणि यांचे खांदे हलायला लागले.

म्हणजे मशीनच्या आधी हे नाही, मी हसत होते. मला प्रत्येक जागा पाठ आहे. जागा आली की माझी हनुवटी आधीच तयार होते, आणि ही बाई कोण हे ठाऊक नसलेला माणूस तिच्या हनुवटीवर नजर लावून बसलेला असतो, की आता हसायचं आहे का. हे काय आहे, तात्या? काही उरलंय म्हणायचं, की काहीच उरलं नाही? मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडून रडले. नळ बंद करून बाहेर आले तर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला बरं नाही का?"

रविवारी लेक आली. मी तिला माझ्या मागच्या सोफ्यावर बसवलं, तिथून तिला यांचा चेहरा दिसतो, माझी पाठ दिसते. आवाज चालू ठेवला. साहेब जेवायला आला. मी हनुवटी सोडली. यांचे खांदे हलले, मशीन नंतर हसलं. पुढच्या जागेला तसंच. त्याच्या पुढच्या जागेला हे इतके हसले की डोळे पुसावे लागले. लेकीनं माझा खांदा धरला. "आई, अगं खरंच! बाबा आधी हसतात!" तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. तिनं तिथूनच त्या केंद्राला फोन केला आणि खोली नको म्हणून सांगितलं. जाताना यांच्या पाया पडली. यांनी "सुखी राहा" म्हटलं आणि ती खाली उतरल्यावर मला विचारलं, "मुलगी गुणी होती. कुणाची?"

आता रोज संध्याकाळी मी लावते. न हसून चालत नाही. मी थांबले की ते थांबतात आणि मग उठून दाराकडे जातात, त्यांची मंडळी अजून का आली नाहीत ते बघायला. मला त्या मालिकेत आता काहीसुद्धा विनोदी वाटत नाही. परवा साहेबाचं तोंड उघडलं आणि माझी हनुवटी हललीच नाही, तर यांनी माझ्या दंडाला इतकं घट्ट धरलं की काळंनिळं झालं. रागानं नव्हे, बुडणारा माणूस धरतो तसं.

तात्या, हे कागद मी घडी करून ठेवणार आहे आणि लेक यायच्या आधी फाडून टाकणार आहे. तिच्या डोळ्यांसमोर ते हसले, ते तिच्याकडे राहू दे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगते. काल दुपारी हे झोपले होते तेव्हा मी त्या केंद्राला फोन लावला. ती खोली गेली का, म्हणून विचारलं. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. गेली म्हणाली, पण पुढच्या महिन्यात एक होईल, नाव लिहून ठेवू का? मग तिनं विचारलं, "पेशंट तुमचे कोण?"

मी म्हटलं, "शेजारी."