डॉक्टराची बहीण

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मुखेड, मिती माघ वद्य द्वितीया, शके १८६६

चिरंजीव विरूपाक्ष यास आज्जी नीलम्माचा आशीर्वाद. इकडे मी धड आहे. दात दोन राहिलेत, तेही भावकीसारखे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लातूरला थंडी किती आहे ते कळव. खानावळीतलं खाऊन पोट बिघडत असेल तर ताकात ओवा टाकून पी.

ज्वारी काढणीला आली. करडई बरी आहे. रान यंदाही मलप्पाच करतो, बटईनं, निम्म्या वाट्यावर. त्याला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्यानं तो ऐकत नाही. तांबडी गाय आटली. शेवग्याची फांदी वाऱ्यानं मोडली ती शेजारणीच्या अंगणात पडली, म्हणून ती शेंगा तिच्या झाल्या म्हणते. मी म्हणलं, "उद्या माझा पदर उडून तुझ्या दारात पडला तर मलाबी ठेवून घेशील का?" चार दिवस बोलत नाही. बरं आहे.

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. तीनदा वाचलं. हैदराबादेत सहा वर्षं उर्दू लिहून तुझं मराठी अक्षर उजवीकडून डावीकडं कलायला लागलंय. पण कळलं. दुसऱ्याकडून वाचून घ्यावं असं ते पत्र नव्हतं, आणि हे पण दुसऱ्याकडून लिहून घ्यावं असं नाही. म्हणून वेलांटी उकार चुकतील तिथं समजून घे.

परवाच्या बाजारात दत्तोपंत मास्तर भेटले. त्यांचा वसंता तुझ्याबरोबर गेला होता ना कॉलेजात. त्यानं म्हणे आधी शास्त्र घेतलं, मग ते जमेना म्हणून फारसी घेतली. आज तो नांदेडच्या कचेरीत पेशकार आहे, शेरवानी घालतो, आणि बाप सांगतो की साहेब त्याला विचारल्याशिवाय कागदाला हात लावत नाही. मास्तर बोलत होते आणि मी मनात म्हणत होते, यानं पण एक सोडून दुसरं घेतलं. याच्या फारसीनं कुणी मेलं नाही.

औराद्याकडची एक बाई पण भेटली, नाव विसरले. दिरांनी तिला रानातून हाकलली होती. म्हणाली, "आव्वा, तुमच्या नातवानं माझं रान सोडवून दिलं. कोर्टात असा बोलला की दिरानं खाली मान घातली." मला एक लुगडं द्यायला लागली. मी घेतलं नाही. जुनं होतं.

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंस की सिंधूचा सासरा ईश्वरप्पा सरकी विकायला लातूरला आला, त्यानं तुझी वकिलाची पाटी वाचली, आणि भर अदालतीच्या आवारात ओरडला, "डॉक्टर म्हणून आम्हाला फसवलं, बहिणीला मारलं, आता इथं कुणाला मारायला बसलास?" आणि आता सनद परत करून पुन्हा डॉक्टरीला बसायचा अर्ज केलास. सव्वीस वर्षांचा घोडा, पहिल्या वर्गात पोरांच्यात बसणार. का, तर सिंधूचं ऋण फेडायचं.

विरूपाक्षा, तुला जे माहीत आहे ते आधी सांगते. मग जे माहीत नाही ते.

सिंधूची सोयरीक झाली तेव्हा ईश्वरप्पानं बैठकीत एकच विचारलं होतं, "पोरीचा भाऊ काय शिकतो?" मी आतून बोलले, "डॉक्टरी." त्यावर पान सुपारी फुटली. आईबाप नसलेली पोर नांदेडच्या अडत दुकानदाराच्या घरात कशी गेली असं सारं गाव विचारत होतं. ती अशी गेली. तिला बघायला बायका आल्या, तर "डॉक्टराची बहीण" म्हणून बघितली. नाक कसं आहे ते पण कुणी बघितलं नाही.

लग्नाला अकरा दिवस असताना तुझं पत्र आलं. मुडद्याला सुरी लावताना तुझा हात थिजतो, जेवण जात नाही, दोन वर्षं ओढली, आता डॉक्टरी सोडून बी.ए. करतो आणि पुढं कायदा शिकतो. आणि लिहिलंस, "आज्जी, सोयऱ्यांना सांग, नंतर बोल नको." मी मलप्पाच्या पुतण्याकडून उत्तर लिहून घेतलं, सांगते म्हणून. आणि सांगितलं नाही. तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली घातलं. मांडव पडलेला, आचारी बोलावलेला. म्हणलं, लग्न होऊ दे. मग म्हणलं, पोर सासरी रुळू दे. मग म्हणलं, एक लेकरू होऊ दे, मग कोण विचारतो. एकदा खोटं बोललं की ते दावणीला बांधलेल्या जनावरासारखं रोज वैरण मागतं. मी रोज घातली. तुझा बी.ए.चा उर्दू कागद मी सोप्यात लावला तेव्हा लोकांनी विचारलं, हे डॉक्टरीचं का. मी म्हणलं, "वाचा की." वाचायला येतं कुणाला.

एवढं तुला सिंधू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दारातच कळलं. तू नांदेडहून मोटारीनं आलास, हातात ट्रंक, आणि ईश्वरप्पा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, उशीर केलात." तू माझ्याकडं बघितलंस. मी पदर ओढून भिंतीकडं बघितलं. तू माझं खोटं उघडं पाडलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही म्हणलं नाही, आताही म्हणत नाही.

आता तुला माहीत नाही ते.

बुधवारी सकाळी सिंधूचा नवरा भुजंग भाड्याची मोटार घेऊन आला, बरोबर बाप ईश्वरप्पा. तुला तार करून आला होता, तू गुरुवारी दुपारी पोचशील हे त्यानंच सांगितलं. सिंधूला कळा येऊन दीड दिवस झाला होता. लेकरू आडवं होतं. केवळाबाई सुईण हात धुवून बाहेर आली आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाई. नांदेडला दवाखान्यात डॉक्टरीण हाय. न्या." भुजंग म्हणाला, "मोटार दारात हाय, उचला तिला." ईश्वरप्पा माझ्याकडं बघायला लागला. बाळंतपण माहेरचं, म्हणजे शब्द माझा.

मी म्हणलं, "घरचा डॉक्टर उद्या येतो. मोटारीच्या हादऱ्यानं वाटेत काही झालं तर तुम्ही भरून देणार का? आणि माझ्या पोरीला परक्यानं हात लावायचा, मग माझा नातू शिकला कशाला?"

असं बोलले. ठसक्यात बोलले. मला वाटलं, केवळाबाई उगी घाबरते, मी पाच बाळंतपणं काढली आहेत, संध्याकाळपर्यंत मोकळी होईल. नांदेडला गेलो असतो तर डॉक्टरिणीनं विचारलं असतं, पोरीचा भाऊ डॉक्टर, कुठल्या कॉलेजात, नाव काय. हे पण माझ्या डोक्यात आलं. सिंधू आडवी पडलेली आणि माझ्या डोक्यात हे आलं.

मी आत गेले. सिंधू शुद्धीवर होती. तुझं तिला ठाऊक होतं. तू तिला नागपंचमीला सांगितलं होतंस, ती मला त्या दिवशी म्हणाली. म्हणाली, "आज्जी, अण्णा डॉक्टर न्हाई. सांग की त्यास्नी. मला मोटारीत घाल."

बाहेर भुजंग उंबऱ्यापाशी उभा होता. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

जोरात नाही. ठेवला. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळ आली म्हणून मी हात काढला, आणि परत ती काही बोलली नाही. मोटारवाला दुपारपर्यंत थांबला, मग त्याला दुसरं भाडं होतं, गेला. दिवस बुडताना सिंधू गेली. लेकरू आतच राहिलं. दुसऱ्या दिवशी, तू आल्यावर, आपल्या रानात दोघांना एकाच खड्ड्यात बसवलं. तू माती टाकलीस. मी पण टाकली.

त्याला दीड वर्ष होत आलं. मी रडले नाही. बायका म्हणतात म्हातारी दगड आहे. जेवते, झोपते, शेवग्यावरून भांडते. आत काही हालत नाही. हालेल म्हणून वाट बघितली, मग ते पण सोडलं.

तर आता वकिला, तूच बघ. त्यात तुझी डॉक्टरी कुठं आली? तू डॉक्टर झाला असतास तरी गुरुवारीच आला असतास. मोटार बुधवारी दारात होती.

तुझं पत्र आल्यावर मी चौथ्या दिवशी सरकारी मोटारीनं नांदेडला गेले. ईश्वरप्पाच्या दुकानात गादीवर बसले नाही, खाली बसले. चार गिऱ्हाईकं होती. तो म्हणाला, "विहीणबाई, आत चला." मी म्हणलं, "तू अदालतीत चारचौघात बोललास, मी बी चारचौघातच बोलणार." आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. हाताचं पण सांगितलं. भुजंग वजन करत होता. त्यानं तागडी खाली ठेवली आणि मागच्या दारानं गेला. त्याची नवी बायको पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. पोटुशी आहे.

ईश्वरप्पानं पुढ्यातली वही मिटली. मग म्हणाला, "म्हातारे, तू गेल्या साली का न्हाई मेलीस?" मी म्हणलं, "बोलावणं आलं न्हाई." तो म्हणाला, "तुझ्या नातवाला मी काय बोललो ते त्याच आवारात जाऊन परत घेतो. तुझ्यासाठी न्हाई." येईल तो. शब्दाचा आहे. आला तर त्याला बसायला दे.

नांदेडात एव्हाना सगळ्यांना कळलं असेल. मुखेडात आठवड्याच्या बाजारापर्यंत कळेल. मला त्याचं काही नाही.

तुझ्या अर्जाचं असं आहे. तुला माणसं बरी करायची हौस असेल तर खुशाल जा, म्हातारा होऊन डॉक्टर हो. पण सिंधूच्या नावानं मुडदे फाडायला जाऊ नको. तिनं तुला कुठं मागितलं होतं? तिनं मोटार मागितली होती. ते देणं माझ्या अंगावर आहे, ते तुझ्या अंगावर घ्यायचं काम नाही. मला या एका गोष्टीत तरी वाटेकरी नको. त्या औराद्याच्या बाईला रान मिळालं, तशा आणखी असतील. त्यांची तारीख चुकवून तू हैदराबादेत बेंचावर बसलास तर त्या कुणाच्या दारात जातील?

अर्ज मागं घे, नाहीतर राहू दे. मी सांगून कुणाचं बरं झालं नाही, म्हणून सांगत नाही.

मला पत्र लिहायचं बंधन नाही. ये म्हणत नाही. येऊ नको असंही म्हणत नाही. आज्जी म्हणायचं का नाही ते तू ठरव, म्हणून खाली नुसतं नाव घालते.

नीलम्मा