पाच बोटांचा माणूस

मी, रीना सुकराम टेकाम, वय २७ वर्षे, धर्म ख्रिस्ती, व्यवसाय चित्रकार, राहणार बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप, आणि ती बदलून घेण्यासाठी मला पुढच्या आठवड्यात नागपूरला दाखल व्हायचे आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. मी घाबरलेली आहे, पण हा कागद त्यामुळे लिहीत नाही. एक गोष्ट अशी आहे की ती तशीच ठेवून मला ऑपरेशनच्या टेबलावर आडवे व्हायचे नाही. मसुदा वकील नूतन बोपचे यांनी तपासला आहे. "इतकं घरगुती लिहू नये," असे त्या दोनदा म्हणाल्या.

१. घर आणि धानाची बांधी बाबांची आहे, त्याबद्दल लिहायचा मला अधिकार नाही. माझे म्हणून जे आहे ते असे: लोखंडी कपाट, मोबाइल, ईझल, रंग आणि ब्रश, बँकेत उरेल ती शिल्लक, एक अर्धवट चित्र, आणि एक कापडी पट.

२. कपाट, मोबाइल आणि शिल्लक माझा धाकटा भाऊ हेमराज याला मिळावी. तो बिरसीच्या विमानतळावर कामाला आहे. नागपूरहून आणलेले माझे महागडे रंग त्याने एका पोळ्याला बैलांच्या शिंगांना फासले होते, ते मी आज माफ करते. बैल देखणे दिसत होते, हे मी तेव्हा कबूल केले नव्हते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

३. ईझल, रंग आणि ब्रश आमच्या प्रार्थना मंदिरातल्या रविवारच्या शाळेला द्यावेत. अट एकच. मुलांना जे काढावेसे वाटेल ते काढू द्यावे. "अजून थोडं वाढव," असे कोणत्याही मोठ्या माणसाने त्यांना म्हणू नये.

४. आता पटाबद्दल. हे कलम लिहायला मला फार लाज वाटते, म्हणून वकीलबाईंनी सांगूनही ते छोटे होत नाही.

मी आठ वर्षांची असताना आई, फुलवंता, तापाने अंथरुणाला खिळली होती. पास्टर डॅनियल गोंदियाहून येऊन प्रार्थना करून गेले आणि आई उठली. तिने आणि मी बाप्तिस्मा घेतला. हेमराज तेव्हा अंगावर पीत होता. बाबा आले नाहीत. म्हणाले, "तुमी जा. मी बी आलो त आपल्या देवायले कोन पायीन?" भांडण झाले नाही. दर रविवारी ते आम्हाला सायकलवरून प्रार्थना मंदिरापर्यंत आणून सोडत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहत.

आमच्या मंडळीत साक्ष सांगण्याची रीत आहे. उभे राहून सांगायचे, आधी आयुष्य कसे होते आणि प्रभूने ते कसे बदलले. मी नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा उभी राहिले आणि म्हणाले की माझे बाबा मोहाची दारू पितात. ते खरे होते. लग्नात आणि सणाला सगळे पितात तेवढी ते पीत. पास्टर डॅनियल म्हणाले, "बेटा, थोडा खुलके बोल. लोगों के दिल तक जाना चाहिए." पुढच्या वेळी मी म्हणाले की बाबा आईला मारतात. त्यानंतरच्या मेळाव्यात साक्षीत कुऱ्हाडही आली. कुठे थांबायचे, कुठे आवाज बारीक करायचा, हे मला कुणी शिकवले नाही, आपोआप जमत गेले. बाया पदर डोळ्याला लावत आणि मला आतून गोड वाटे. माझी पहिली कला ती होती. चित्रे नंतर आली.

बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही. आई माझ्या शेजारी बसून रडायची. ते रडणे कशाचे होते, हे मी आजवर तिला विचारलेले नाही.

प्रार्थना मंदिरावर भोंगा आहे. बाहेर झाडाखाली सगळे ऐकू जाते. घरी जाताना मी सायकलच्या दांडीवर बसे, आई मागे, आणि बाबा विचारत, "भूक लागली न तुले?"

सोळाव्या वर्षी मी तीच साक्ष कापडावर रंगवली, नऊ चित्रे, बैलगाडीवर पसरता येईल एवढा लांब पट. तिसऱ्या चित्रात दारू प्यालेला माणूस कुऱ्हाड उगारून उभा आहे आणि एक बाई चुलीमागे लपली आहे. तो पट जिल्हाभर फिरला, पाहून लोकांनी बाप्तिस्मे घेतले, आणि त्याच्याच जोरावर मला नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयासाठी शिफारस मिळाली. आपल्या झाडीतला, धानातला, तळ्यावरचा प्रभू रंगवायचा, असे मोठे स्वप्न मी सगळ्यांना सांगत आले. त्या स्वप्नाच्या पायाखाली काय पुरले आहे ते सांगितले नाही. खोट्या साक्षीबद्दलची आज्ञा मला तेव्हाही पाठ होती. आईबापाचा मान राखण्याची तर तिच्याही आधी येते.

गेल्या वर्षी अर्जुनी मोरगावला तीन दिवसांचा मेळावा होता. मी हृदयाच्या गोळ्या घरीच विसरले. दुसऱ्या दिवशी बाबा बसगाड्या बदलत त्या घेऊन आले आणि मंडपात नेमके पटासमोर येऊन उभे राहिले. मी दोन पावलांवर होते. तिसऱ्या चित्राकडे बोट दाखवून त्यांनी तिथल्या स्वयंसेवकाला विचारले, "हा कोन होय?" तो म्हणाला, "रीनाताईंचे वडील." बाबांनी चित्र जवळ जाऊन पाहिले.

"नाही," ते म्हणाले. "ह्याले पाच बोटं हायेत."

माझ्या जन्माच्या आधी लाकूड कापायच्या आरा मशीनवर बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. मी चालायला शिकले ती उरलेल्या तिनांतले एक धरून. आणि चित्रात मी त्यांना सगळी बोटे दिली होती, कारण रंगवताना मी त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते. स्वयंसेवक हसला. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "घे, गोळ्या. जेवली का?" संध्याकाळी त्याच पटापुढे मी पुन्हा साक्ष दिली, कारण पत्रिकेत माझे नाव छापलेले होते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज त्या संध्याकाळची वाटते.

५. तो पट मी पास्टर डॅनियल यांना वापरायला दिला होता, दान केलेला नाही. तो त्यांनी हेमराजच्या स्वाधीन करावा. पास्टरांवर माझा राग आहे, पण पहिला रंगांचा डबा त्यांनीच आणून दिला होता, आणि त्यांनी एक पायरी दाखवली तर पुढच्या चार मीच चढले. पटाचे फोटो लोकांच्या मोबाइलवर आहेत, ते मला परत घेता येत नाहीत. म्हणून माझी साक्ष खोटी होती हे कलम ४ सह भर उपासनेत, भोंगा चालू ठेवून, वाचावे. माझा विश्वास खरा आहे. तो नसता तर मी हे झाकूनच मेले असते.

६. अर्धवट चित्रात प्रभू एका शेतमजुराचे पाय धूत आहेत. पाय पूर्ण झाले आहेत. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बाबा चिखलाच्या पायांनी घमेल्यात उभे राहून मला ते काढू देत होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, "धुऊन येऊ का?" हे चित्र आहे तसे, पटाच्या जागी, प्रार्थना मंदिरात लावावे. पाय कुणाचे, असे कुणी विचारल्यास बाबांचे पूर्ण नाव सांगावे.

७. मला माती द्यावी. आमच्या गोंडांतही देतात, ख्रिस्ती लोकांतही देतात, तेव्हा भांडायला कुणाला जागा नाही. त्यानंतर बाबांना त्यांच्या रीतीचे जे करायचे असेल ते करू द्यावे. माझ्या मातीवर कुणीही माझी साक्ष सांगू नये.

८. पहिल्या मसुद्यात पट बाबांच्या नावे होता, त्यांनी तो जाळावा म्हणून. काल दुपारी ओसरीवर बसून मी त्यांना सगळे वाचून दाखवले. चौथे कलमही. ते अंबाडीची दोरी वळत होते. ते कलम वाचताना त्यांचा हात थांबला, वाचून झाल्यावर पुन्हा चालू झाला. दोरी वळता वळता म्हणाले, "जाळतेस कायले? कापड मजबूत हाये. धानाच्या पुंजण्यावर झाकाले होईन. चित्रं खालतं करून टाकू." म्हणून हेमराजने कापलेल्या धानाच्या ढिगावर तो तसाच झाकावा.

मग त्यांनी विचारले, साक्षीदाराला काय करावे लागते. मी सांगितले, मी शुद्धीवर सही करताना पाहायचे आणि खाली आपली सही करायची. "मंग मी करतो," ते म्हणाले. मी म्हटले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही, कायदा तसा आहे.

"आमाले काय कराचं हाये? तू जिती वापस ये." मग म्हणाले, "तुले पायल्याची सही मी नाही करीन त कोन करीन?"

म्हणून त्यांचे आणि आईचे नाव मिळकत घेणाऱ्यांतून काढले आहे.

ठिकाण: बोदलकसा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५

सही: रीना सुकराम टेकाम

वरील सही आमच्या डोळ्यांसमोर झाली. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर होती. मध्ये रडली, पण ते शुद्धीवरच.

साक्षीदार १: प्रेरणा कुंभरे, आरोग्य सेविका, तिरोडा. सही.

साक्षीदार २: सुकराम लालसिंग टेकाम, वय ५८, वनमजूर, लिहून देणारीचे वडील. ओळखीची खूण: उजव्या हाताला तीन बोटे. सही त्याच हाताने केली.